विमानतळ मागे राहिला

"मोजा राहू दे, सिस्टर," टिपणीसकाका म्हणाले. "आत्ता कुठे डोळा लागत होता."

त्यांचा डोळा मुळीच लागत नव्हता. गेला अर्धा तास ते उशांना टेकून खिडकीबाहेर बघत बसले होते. हॉटेलातली आमची खोली नवव्या मजल्यावर होती. समोर हिरव्या डोंगरांची रांग, खाली राखाडी समुद्र आणि डावीकडे धावपट्टीचं टोक. दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उडायचं, आणि ते डोंगराआड जाईपर्यंत काकांची नजर त्याच्यामागे जायची.

"दोनच मिनिटं," मी म्हटलं. "दोन्ही पोटऱ्या बघते, की झालं."

"काढायला त्रास, घालायला दुप्पट त्रास. उद्या मृणाल काढेल की."

ऑपरेशननंतर पायात रक्त साकळू नये म्हणून घट्ट मोजे देतात, ते हे मोजे. आदल्या दिवशी नाशिकला मी त्यांना ताब्यात घेतलं तेव्हाही मोजे काढायची वेळ आली होती आणि तेव्हाही ते म्हणाले होते, "आत्ताच चढवलेत हो." बाहेर गाडी उभी होती. नाडी, रक्तदाब, खुब्याची जखम सगळं ठीक होतं. मी मोजे तसेच राहू दिले. बारा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईने असं करायला नको होतं.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. नगरचं हॉस्पिटल सोडून मुंबईच्या एका कंपनीत लागले होते. परगावी आजारी पडलेल्या माणसांना विमानाने त्यांच्या घरी पोचवायचं, हे कंपनीचं काम. देशाबाहेरची ही माझी दुसरीच फेरी.

काकांचं वय चौऱ्याहत्तर. अडतीस वर्षं व्हँकुव्हरला राहिलेले. बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करणारे इंजिनियर. अंगकाठी बारीक, बोलणं मोजकं. थोरल्या बहिणीला भेटायला दहा दिवसांसाठी नाशिकला आले आणि तिच्याच घराच्या जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दहा दिवसांचे सहा आठवडे झाले. त्या सहा आठवड्यांत तिकडे त्यांच्या बायकोचा, कुमुदताईंचा, कॅन्सर हाताबाहेर गेला. ते निघाले तेव्हा त्या स्वयंपाक करत होत्या. "जाऊन या, अक्कांना बरं वाटेल," असं म्हणून त्यांनीच पाठवलं होतं. आता त्यांना शेवटच्या दिवसांतले रुग्ण ठेवतात तिथे हलवलं होतं. डॉक्टर म्हणत होते, आठवडाभर काढतील.

बेत असा होता: मुंबईहून सकाळी हाँगकाँगला उतरायचं, काकांना सलग प्रवास झेपणार नाही म्हणून दिवसभर विमानतळाजवळच्या हॉटेलात आडवं पडायचं आणि संध्याकाळी पावणेसहाला व्हँकुव्हरचं विमान पकडायचं. मध्ये कुठे थांबा नाही, बारा तास. त्याआधी, दोन वाजेपर्यंत, मी त्यांना तपासून एक फॉर्म ऑफिसला पाठवायचा. 'रुग्ण पुढील प्रवासास योग्य आहे.' खाली माझी सही, एस्तेर साळवे.

साडेअकराला मृणालताईंचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती. काकांनी फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकला, त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं.

"बाबा, कसे आहात? झोपलात का थोडे?"

"मी उत्तम. आई?"

"आज छान आहे. दोन चमचे आइस्क्रीम खाल्लं. सारखं विचारतेय, कुठपर्यंत आले म्हणून. मी म्हटलं, हाँगकाँगला आलेत. तर म्हणते, तिथे उन्हात फिरू नका म्हणावं. जागी आहे, देऊ?"

काका म्हणाले, "नको. फोनवर रडेल ती, आणि मग मलाही सुचायचं नाही. उद्या समोर बसून बोलतो. तिला सांग, निघालोच आहे."

फोन ठेवून ते वॉकर धरून बाथरूमला गेले. सात-आठ पावलांचं अंतर. परत आले तेव्हा पलंगाच्या काठावर बसून राहिले. ओठ किंचित उघडे होते आणि शर्टाची पुढची बटणं वर-खाली होत होती.

"दम लागला?"

"विमानात झोप नाही झाली."

मी बोटाला लावायचं यंत्र लावलं. रक्तातला ऑक्सिजन एक्क्याण्णव. नाडी एकशे चौदा. काल नाशिकला सत्त्याण्णव आणि ब्याऐंशी होती.

मी खाली बसले आणि त्यांच्या डाव्या पायाचा मोजा गुडघ्यापासून उतरवायला लागले. ते पुन्हा "राहू दे" म्हणाले, पण या वेळी आवाजात जोर नव्हता.

पोटरी लालसर, तुकतुकीत, गरम. टेपने मोजली. उजव्या पायापेक्षा साडेचार सेंटिमीटर जाड. हलकंसं दाबल्यावर त्यांनी दात आवळले.

"कधीपासून आहे हे?"

ते खिडकीकडे बघत राहिले.

"काका, मी विचारतेय."

"रविवारपासून." म्हणजे चार दिवस. "शनिवारी नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं आणि 'जा' म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हे. आता परत दाखवलं असतं तर त्यांनी सोडलं असतं का?"

"आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या?"

"हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. कुणी बघितलं तर अडकवून ठेवतील, म्हणून बंद केल्या. आठवडा झाला." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "मी अडाणी नाही, सिस्टर. हे काय आहे ते मला माहीत आहे."

पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जायला सुरुवात झाली असावी. मोठा तुकडा सुटला तर माणूस पाच-दहा मिनिटांत जातो. खाली जमीन असेल तर काहीतरी करता येतं.

"तुम्हाला विमानात बसवता येणार नाही," मी म्हटलं.

"किती टक्के?"

"काय किती टक्के?"

"मी वाटेत मरायची शक्यता. क्रेनचा दोर झिजला की आम्ही आकडा काढायचो, अजून किती फेऱ्या निभावेल. तुम्ही सांगा. दहा? तीस?"

"तसा आकडा नसतो, काका."

"म्हणजे जगायचीही शक्यता आहे." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गार आणि ओलसर होता. "हे बघा. मी बायकोला सोडून दहा दिवसांसाठी म्हणून आलो. जिन्यावर दिवा लावायचा आळस केला आणि पडलो. यात दुसऱ्या कुणाची चूक नाही. आता ती माझी वाट बघतेय. इथे हॉस्पिटलात घातलंत तर ते मला पंधरा दिवस सोडणार नाहीत. तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं.

"तुम्ही हा मोजा काढलाच नाही असं समजा. मी काढू दिला नाही. खरंच तर आहे ते, दोन वेळा नाही म्हटलं मी."

"आणि विमानात तुम्ही माझ्या हातात गेलात तर?"

"तर गेलो. निदान तिच्याकडे निघालो होतो."

त्यांनी टेबलावरचा हॉटेलचा कागद ओढला आणि माझ्यासमोर शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहायला लागले. 'सिस्टर एस्तेर साळवे यांनी मला धोक्याची पूर्ण कल्पना दिली आहे. मी गजानन विष्णू टिपणीस, पूर्ण शुद्धीवर राहून, स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करीत आहे.' तारीख घातली, सही केली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. तेवढ्या लिहिण्यानेसुद्धा त्यांना धाप लागली होती.

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी त्यांना ऑक्सिजन लावला, पाय उशीवर घेतला आणि "पाच मिनिटांत येते" सांगून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. मुंबईला आमच्या डॉक्टरांना, घैसासांना, फोन लावला. लावण्याआधी बराच वेळ फोन नुसता हातात धरून उभी होते. तो कागद दुसऱ्या हातात होता. एकदा हे कुणाला सांगितलं की ते माझ्या हातात राहणार नव्हतं.

घैसासांनी सगळं ऐकून घ्यायच्या आतच बोलायला सुरुवात केली. "पाय सुजलाय, ऑक्सिजन एक्क्याण्णव, आणि तू मला विचारतेस? हॉस्पिटल. ताबडतोब."

"ते तयार नाहीत, सर. लिहून दिलंय त्यांनी."

"मग तयार कर. समजाव. मी इथून काय करणार? पण विमानात बसवलंस तर तुझी नोकरी गेली आणि त्या माणसाचा जीव गेला, हे लक्षात ठेव."

खोलीत परत जाऊन त्यांच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, मी तुम्हाला नेणार नाही. एवढंच करायचं होतं. मी दाराशी उभी राहिले. ते चिडतील, ओरडतील, उठून उभे राहायला बघतील, त्या झटक्याने गुठळी सुटेल, असं मी मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मी खाली गेले, हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला हलक्या आवाजात हॉस्पिटलचं विचारलं आणि टॅक्सी मागवली. ॲम्ब्युलन्स मागवली असती तर त्यांना कळलं असतं.

वर येऊन म्हटलं, "चला, निघू या. विमानतळावर लवकर गेलेलं बरं. व्हीलचेअरला वेळ लागतो."

"सही केलीत?"

"केली."

त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग म्हणाले, "बॅगेत वरती निळा शर्ट आहे, इस्त्रीचा. तो देता का? आणि कंगवा."

मी त्यांना शर्ट घालायला मदत केली. बटणं त्यांनी स्वतः लावली. आरशासमोर बसून भांग पाडला. "कुमुदला मी गबाळा दिसलेला चालत नाही," ते म्हणाले. "मृणालला कळवा, आम्ही निघालो."

"कळवते," मी म्हटलं.

टॅक्सी लाल रंगाची होती. चालक पन्नाशीचा, गप्प माणूस. मी काकांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मांडीवर घेतला आणि काउंटरवरच्या मुलीने चिनी लिपीत लिहून दिलेली चिठ्ठी चालकाला दिली. पहिली पाच-सात मिनिटं काका डोळे मिटून होते. गाडीचा वेग वाढला. डावीकडे समुद्र आला, मग डोंगर आणि मग दोन्ही बाजूंनी जाड जाड दोर वर चढत गेलेला तो प्रचंड झुलता पूल.

काकांनी डोळे उघडले. ते आधी त्या दोरांकडे बघत राहिले. मग मान वळवून मागच्या काचेतून बघितलं.

"सिस्टर, विमानतळ मागे राहिला."

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.

"सकाळी विमानतळावरून हॉटेलात यायला पाच मिनिटं लागली, वाटेत पूल नव्हता. हा पूल विमानतळावरून शहरात जातो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठे नेताय मला?"

"हॉस्पिटलला, काका."

ते ओरडले नाहीत. पुढे वाकून, इंग्रजीत, अगदी सभ्यपणे ते चालकाला म्हणाले की कृपा करून गाडी वळवा, आम्हाला विमानतळावर जायचं आहे. चालकाने आरशातून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हॉस्पिटल, प्लीज. हे फार आजारी आहेत." त्याने वेग थोडा कमी केला. मागून एका बसने भोंगा वाजवला. पुलावर थांबायला जागा नव्हती, वळायलाही नव्हती.

तेवढ्यात काकांचा हात दाराच्या कडीवर गेला.

मी सिलिंडर सोडून त्यांच्या हातावर हात दाबला. "काका, नका. काका!" त्यांची बोटं कडीभोवती आवळली होती आणि नखं निळी पडायला लागली होती. आम्ही दोघंही जोर लावत होतो आणि खाली समुद्रावर एक मालवाहू जहाज चाललं होतं. चालक काहीतरी मोठ्याने म्हणाला. मग त्यांच्या हातातली ताकदच गेली. तोंड उघडं ठेवून ते सीटवर मागे कोसळले आणि श्वास ओढायला लागले. मी ऑक्सिजन पूर्ण सोडला आणि चालकाला ओरडून म्हटलं, "लवकर!" त्या माणसाने त्यानंतर गाडी जी पळवली, त्याबद्दल मी त्याला आजही दुवा देते.

हॉस्पिटलच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ते शुद्धीवर होते. मी त्यांचा कागद त्यांच्या खिशात ठेवायला गेले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि जमिनीवर टाकला.

स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या दिसल्या. औषधं सुरू झाली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आमचं विमान उडून गेल्यावर, तिथली तरुण डॉक्टर बाहेर आली. ते वाचतील, असं म्हणाली. मी तिला विचारलं, विमानात बसवलं असतं तर काय झालं असतं. ती म्हणाली, कदाचित समुद्रावर गेले असते, कदाचित व्हँकुव्हरला उतरले असते, मला सांगता येणार नाही.

मृणालताईंना मी दुपारीच कळवलं होतं. रात्रीचे साडेबारा वाजले होते तिकडे. त्या रडल्या, मग म्हणाल्या, बाबांना आधी वाचवा. आठ वाजता त्यांचा उलट फोन आला. तिकडे पहाटेचे पाच होते. आई मध्यरात्रीनंतर ग्लानीत गेली होती. हाक मारली तरी ओ देत नव्हती, श्वास लांबत चालला होता. तिथली नर्स म्हणत होती, ऐकू येत असतं, बोला.

काकांच्या दोन्ही हातांना सुया होत्या. मी फोन त्यांच्या चांगल्या कानाशी धरला. मृणालताईंनी तिकडे आईच्या कानाशी धरला. काकांनी इशारा केला म्हणून मी मास्क खाली ओढला.

"कुमुद," ते म्हणाले. "मी आलो गं. आत्ताच उतरलो. विमान अगदी वेळेवर आलं." दोन श्वास घेतले. "सामान यायचं आहे, तेवढ्यासाठी थांबलोय. पाय आता छान आहे. निळा शर्ट घातलाय. सामान आलं, की टॅक्सी करून येतो. तू पडून राहा. आलोच."

तिकडून त्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. काका तो ऐकत राहिले. बोलताना आणि ऐकताना त्यांनी डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि फोन धरलेला असल्यामुळे मला हलता येत नव्हतं.

मी मास्क परत लावायला लागले तेव्हा ते म्हणाले, "असं खोटं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. आज शिकलो."

कुमुदताई साडेचार तासांनी गेल्या. आमचं विमान त्या वेळी पॅसिफिकवर अर्ध्या वाटेतच असतं. म्हणजे मी त्यांना नेलं असतं तरीही ते पोचले नसते. हे लक्षात आलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. बरेच दिवस वाटत राहिलं.

तेराव्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. कंपनी दुसरी नर्स पाठवायला तयार होती. काका म्हणाले, नको, याच चालतील. तेरा दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले होते. पाणी, गोळी, पडदा सारा. बारा तासांच्या त्या उड्डाणातही तेवढंच. मी दर तासाला पोटरी बघत होते आणि ते निमूट पाय पुढे करत होते.

व्हँकुव्हरला उतरल्यावर एका कर्मचाऱ्याने त्यांची व्हीलचेअर ढकलायला घेतली. मी बाजूने चालत होते. लांबच लांब गालिचा घातलेला रस्ता होता. मध्येच त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवली.

"एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"त्या दिवशी खोलीतच तोंडावर सांगितलं असतंत, नेणार नाही म्हणून, तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"तुम्ही चिडला असतात. हट्टाने उठला असतात. तुम्हाला काही झालं असतं तर…"

"हो. चिडलो असतो. दहा-पंधरा मिनिटं तुम्हाला वाटेल ते बोललो असतो." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मग काही इलाज नाही म्हटल्यावर मी फोन मागितला असता. तेव्हा साडेबारा वाजले होते. तिकडे साडेनऊ. ती जागी होती, सिस्टर. ती तेव्हा बोलत होती."

त्यांनी हात खाली घेतला आणि खुर्ची पुन्हा चालू लागली.

बाहेर मृणालताई उभ्या होत्या. वडिलांच्या गळ्यात पडून झाल्यावर त्यांनी मला मिठी मारली. "तुमच्यामुळे बाबा आहेत," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार कसे फेडू?" मी त्यांच्या खांद्यावरून काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही. मुलीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

याला आता सोळा वर्षं झाली. मी अजून हेच काम करते. अधूनमधून एखाद्या रुग्णाला वाटेतच थांबवावं लागतं. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते, सांगायचं ते तोंडावर सांगते आणि तो जे बोलेल ते ऐकून घेते. त्याचं बोलून संपलं, की विचारते, कुणाला फोन लावून देऊ?